डबीतलं तिकीट खरं कशावरून?

रायगड जिल्ह्यातल्या तळ्याला रेल्वे नाही. मुंबईचा चाकरमानी इंदापूर नाहीतर माणगावला उतरतो आणि पुढे एसटी धरतो. कोकण रेल्वे येण्याआधी या भागाची सगळी भिस्त एसटीवर, आणि किनाऱ्याकडच्या गावांची लाँच-आगबोटीवर होती. त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत तिकिटं निघतात. कधी पोथीत खूण म्हणून ठेवलेली, कधी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली गेलेली. पूर्वी ती केरात जायची. आता त्यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून हा लेख.

तिकिटाला किती मोल येऊ शकतं, याचा धक्का जगाला फेब्रुवारी 2022 मध्ये बसला. अमेरिकेतल्या एका लिलावात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या 1984च्या पहिल्या व्यावसायिक सामन्याचं न फाडलेलं तिकीट 4 लाख 68 हजार डॉलरला गेलं. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या 1947च्या पदार्पणाच्या तिकिटाचा नुसता अर्धा तुकडा त्याहून महाग, 4 लाख 80 हजारांना गेला. आपल्याकडे याच तोडीचे दिवस वानखेडेवर उगवले: डिसेंबर 1988, पंधरा वर्षांच्या सचिनचं रणजी पदार्पण आणि शतक, 2 एप्रिल 2011ची विश्वचषक अंतिम लढत, नोव्हेंबर 2013 मधली सचिनची शेवटची कसोटी. असल्या दिवसांच्या तिकिटांना भाव येणार, आणि भावापाठोपाठ नकलाही येणार.

इथे ग्रेडिंग कंपन्यांचा प्रवेश होतो. अमेरिकेतली पीएसए ही त्यांतली सर्वांत मोठी. 1991 साली तिने खेळाडूंची चित्रं छापलेल्या, संग्राहक जमवतात त्या पत्त्यांपासून सुरुवात केली, पुढे तिकिटंही घेऊ लागली. आपण वस्तू पाठवायची, शुल्क भरायचं. कंपनीचा तपासनीस ती पाहतो, 1 ते 10 मध्ये गुण देतो आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतो. डबीवरच्या चिठ्ठीवर नाव, तारीख, गुण आणि दाखल्याचा क्रमांक असतो. त्यानंतर बाजारात सौदा होतो तो बहुतेकदा त्या चिठ्ठीचाच. आतला कागद कुणी फारसा पाहत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. तिकिटाबाबत तीन वेगळे प्रश्न असतात. ते ज्यांच्या नावाचं आहे, खरोखर त्यांनीच छापलंय का? त्याची अवस्था कशी आहे? आणि ते त्या दिवशी कुणाच्या खिशात होतं? डबीवरचा मोठा आकडा मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: कोपरे, घड्या, डाग. पहिल्या प्रश्नावर तो तपासनिसाचं मत असतो. तिसऱ्यावर कंपनीला स्वतःहून काही सांगता येत नाही, कारण ती माहिती कागदात नसते, माणसांकडे असते. गिऱ्हाईक मात्र तो एक आकडा तिन्ही प्रश्नांचं उत्तर समजून पैसे मोजतं.

आणि ते मत किती चुकू शकतं? पीएसएने तपासलेला अगदी पहिला पत्ता होता बेसबॉलपटू होनस वॅगनरचा, 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या मालिकेतला. कंपनीने त्याला 10 पैकी 8 गुण दिले. 2007 साली तो 28 लाख डॉलरला विकला गेला. ऑक्टोबर 2013 मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं की त्या पत्त्याच्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. पत्ता बनावट नव्हता, पण ज्या कडांना गुण मिळाले त्या कापून केलेल्या होत्या. कंपनीची सगळी कीर्ती ज्या दाखल्यापासून सुरू झाली, त्या क्रमांक एकच्या दाखल्याची ही कथा.

दुसरी गोष्ट हितसंबंधांची. पीएसएची मालक कंपनी 2021 ते 2024 या काळात गोल्डिन या लिलाव कंपनीचीही मालक होती. म्हणजे गुण देणारा आणि विकणारा एकाच छपराखाली. शिवाय वस्तूची किंमत जास्त ठरली की तपासणीचं शुल्कही वाढतं. यात गैर काही घडलंच असं मी म्हणत नाही. पण न्यायनिवाडा करणाऱ्याचं उत्पन्न निकालाशी बांधलेलं नसावं, एवढं तरी मागायला हवं. त्यात आता डब्यांच्याही नकला होतात. खऱ्या दाखल्याचा क्रमांक उचलून खोट्या डबीवर छापला, की कंपनीच्या नोंदीत शोधणाऱ्याला तो क्रमांक सापडतो आणि तो निर्धास्त होतो. नोंदीतला फोटो आणि हातातली वस्तू रेघेन् रेघ ताडून पाहिल्याशिवाय त्या क्रमांकाला अर्थ नाही.

मग स्वतः काय पाहायचं? पुठ्ठ्याचं जुनं रेल्वे तिकीट भिंगाखाली धरा. सुमारे 57 मिलिमीटर लांब, 30 मिलिमीटर रुंद. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरने रूढ केलेलं हे माप भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यानेही पाळलं. खिळ्यांच्या छपाईत अक्षर पुठ्ठ्यात किंचित रुततं आणि शाई त्याच्या कडेला दाटते. घरगुती प्रिंटरची छपाई भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांत विखुरते. तारीख छापलेली नसते, खिडकीवरच्या मशीनने ती टोकाला दाबलेली असते. मग टीसीच्या चिमट्याचं भोक पाहा. तिकीट पिवळं पडलंय आणि भोकाची आतली कड पांढरी स्वच्छ आहे? मग ते भोक अलीकडचं. आणखी एक लक्षात ठेवा: प्रवास संपल्यावर रेल्वेचं तिकीट फाटकावर जमा करून घेत. तेव्हा ते घरी कसं राहिलं, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायचाच. एसटीचं तिकीट प्रवाशाकडेच राहायचं.

कागदाइतकाच इतिहासही बोलतो. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. त्या वर्षाच्या तिकिटावर महाराष्ट्र राज्याचं नाव असेल तर ते तिथेच निकालात निघतं. राज्यच 1 मे 1960ला झालं. भाडं नव्या पैशांत असेल तर 1 एप्रिल 1957च्या आधीचं ते असूच शकत नाही. ‘मध्य रेल्वे’ हे नाव नोव्हेंबर 1951 पासूनचं. आपल्या जिल्ह्याचं ‘कुलाबा’ हे नाव बदलून ‘रायगड’ झालं ते 1981 साली. हे तपासायला ना शुल्क लागतं, ना डबी.

या किनाऱ्यावर ज्या तिकिटाची नक्कल होण्याची मला खरी भीती वाटते, ते ‘रामदास’ बोटीचं. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली तीही पावसाळी समुद्राच्या पाण्यात पडूनच वाचली. ‘रामदास’चं कोरडं, करकरीत तिकीट कुणी दाखवलं, तर पहिला प्रश्न हा की हा प्रवासी चढलाच नव्हता का? तसंही घडतं. लिव्हरपूलच्या सागरी संग्रहालयात ‘टायटॅनिक’चं पहिल्या वर्गाचं तिकीट आहे ते रेव्हरंड स्टुअर्ट होल्डन यांचं, त्यांचं जाणं ऐनवेळी रद्द झालं म्हणून ते उरलं. पण त्यामागे नाव आहे, माणूस आहे, हकिगत आहे. तसं काही नसेल तर अतिनील टॉर्च मारून पाहा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं साधारण 1950 नंतरची. निळसर उजळलेला कागद 1947चा नाही.

आणि असं तिकीट खरंच निघालं, तर ते गुणांसाठी परदेशी पाठवण्याआधी थांबा. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोल असलेला 75 वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतो, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरातत्त्व खात्याला आधी विचारा.

तळ्यातल्या, म्हसळ्यातल्या, मुंबईत राहून गणपतीला गावी येणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. घरात जुनी तिकिटं असतील तर त्यांना लॅमिनेशन करू नका. एसटीच्या मशीनमधून निघणारं हल्लीचं तिकीट तर त्या उष्णतेने काळंच होईल. तिकिटावर काही लिहू नका. वेगळ्या कागदावर लिहा: कोण, कुठून कुठे, कधी, कशासाठी गेलं होतं, आणि हे सांगतंय कोण. खाली सही, तारीख. आजी-आजोबा आहेत तोवर, या गणपतीतच ते लिहून घ्या.