हंगामाचा पहिला आखाडा
महाविद्यालयीन कुस्तीसंघाचा जय-पराजय कसा वाचावा?

पावसाळा ओसरूं लागला, शेतांतील बाजरी कणसावर आली आणि नवरात्र जवळ येऊं लागलें कीं, मराठवाड्यांतील महाविद्यालयांतून आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची धांदल सुरू होते. क्रिकेटची बातमी आमच्या घरांतून आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण वाचतात. अमुक महाविद्यालयाचा कुस्तीसंघ अमुक ठिकाणीं उतरला, ही बातमी वाचणारा मात्र एखादाच. आणि तोहि शेवटची ओळ तेवढी पाहतो. पदकें किती मिळालीं? नाहीं मिळालीं, तर ‘पोरांनीं उगाच दूध-बदाम फस्त केले’ असा शेरा मारून तो पान उलटतो. हा शेरा अन्यायाचा तर आहेच, पण त्याहून अधिक तो अज्ञानाचा आहे. हंगामाच्या आरंभींचा सामना कसा पाहावा आणि त्यांत हरून आलेल्या मुलाशीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं कसें वागावें, याचा विचार आपल्या सुशिक्षित कुटुंबांत क्वचितच होतो. तो येथें करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुस्ती ही निरक्षरांची करमणूक, विद्येशीं तिचें सूत जमावयाचें नाहीं, अशी समजूत आमच्या वर्गांत रूढ आहे. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता आपल्या या मराठवाड्याच्या भूमीवर होती. त्या घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत मल्लविनोद या नांवाचें एक प्रकरण आहे. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे मल्लांचे वर्ग त्यांत पाडलेले असून मल्लांचा आहार, त्यांचा व्यायाम आणि डावपेंच यांचीहि व्यवस्था लावलेली आहे. ज्या विद्येवर राजानें शास्त्रीय ग्रंथांत प्रकरण लिहिलें, ती पुस्तकांशेजारीं बसण्यास अपात्र कशी ठरावी?

आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं. आष्टीसारख्या तालुक्याच्या गांवीं मुलगा कुस्ती शिकतो तो मातींत. पहाटेचे जोर आणि सपाट्या, वस्तादांची करडी नजर आणि जत्रेच्या हगाम्यांत लागलेली जोड, हेंच त्याचें शिक्षण. तेथें निकाल एकच, चितपट. घड्याळाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. दोघे मल्ल बराच वेळ एकमेकांना अजमावीत राहिले तरी प्रेक्षकांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. महाविद्यालयाच्या संघांतून तोच मुलगा जेव्हां गादीवर उतरतो, तेव्हां त्याला एका निराळ्याच शास्त्राशीं गांठ घालावी लागते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्यें तीस सेकंदांची विश्रांति. प्रतिस्पर्ध्यास खालीं आणून ताबा मिळविला कीं दोन गुण. त्याची पाठ गादीकडे फिरविली कीं दोन गुण. उभ्या कुस्तींतून सरळ पाठीवर फेकला तर चार. वर्तुळाबाहेर नेला तर एक. मुक्तशैलींत दहा गुणांची आघाडी झाली कीं पंच तेथेंच कुस्ती संपवितो. मातींत शेवटपर्यंत न दमणारा गडी येथें पहिल्याच दोन मिनिटांत मागें पडूं शकतो. तो दुबळा असतो असें नाहीं. अजमावण्यांत जो वेळ त्यानें घालविला, तेवढ्यांत दुसऱ्यानें दोनदां पट काढलेला असतो.

शिवाय संघाचा हिशेब वेगळाच असतो. प्रत्येक वजनगटांत महाविद्यालयाचा एक मल्ल उतरतो आणि त्याच्या क्रमाप्रमाणें संघाच्या बेरजेंत गुण पडतात. म्हणून तिसऱ्या क्रमांकासाठीं झुंजलेली कुस्ती पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीइतकीच संघाला मोलाची असते. लहान गांवच्या महाविद्यालयास सर्व वजनांचे मल्ल मिळत नाहींत. जेथें मल्लच नाहीं तेथें शून्य. तेव्हां संघाचा क्रमांक खालीं दिसला म्हणजे मुलें निकृष्ट होतीं, असा अर्थ काढणें चुकीचें होय. अमेरिकेंत महाविद्यालयीन कुस्तीची राष्ट्रीय स्पर्धा १९२८ सालीं आयोवा राज्यांतील एम्स येथें प्रथम भरली. तेथें नोव्हेंबरांत हंगाम उघडतो आणि मार्चमध्यें राष्ट्रीय स्पर्धा होते. मधले चार महिने मल्ल जिंकतो, हरतो आणि सुधारतो. आरंभींच्या सामन्यांत कोणता डाव फसला, हें तेथील शिक्षक मार्चची तयारी म्हणून टिपून ठेवितात.

या सर्वांचें सर्वोत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कराडजवळील गोळेश्वर या गांवीं झाला. कराडच्या टिळक हायस्कुलांत शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत गेले. बांधा लहान. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेंत उतरावयास त्यांना आधीं नकार मिळाला आणि प्राचार्यांकडे जाऊन परवानगी मिळवावी लागली, अशी हकीकत सांगतात. १९४८ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत फ्लायवेट गटांत उतरले आणि सहावे आले. लाल मातींत वाढलेल्या या मल्लास तेथील गादी नवी होती आणि तेथील नियमहि नवे होते.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. सहावा क्रमांक! आपल्यापैकीं किती घरांत त्या क्रमांकाचें कौतुक झालें असतें? ‘एवढ्या दूर जाऊन काय आणलेंस?’ हाच प्रश्न बहुतेक ओसरीवर ऐकूं आला असता. पण १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठीं पैशांची अडचण पडली, तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हें घर पदक मिळाल्यानंतर गहाण पडलेलें नाहीं. सहाव्या क्रमांकाच्या भरंवशावर तें गहाण पडलें. त्या विद्वान् गृहस्थानें लंडनच्या निकालांत पराजय वाचला नाहीं. चार वर्षांत काय होऊं शकेल, तें वाचलें.

हेलसिंकी येथें खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटांत उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांस त्यांनीं हरविलें. जपानच्या शोहाची इशी याच्याशीं झालेली दीर्घ कुस्ती ते हरले. हाच इशी पुढें सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांति न मिळतां त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामदबेयोव याच्यासमोर उभें राहावें लागलें, आणि विश्रांतीचा हक्क मागावयास त्यांच्या बाजूनें बोलणारें भारतीय पथकांतील कोणीहि तेथें हजर नव्हतें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ती कुस्तीहि गेली. तरी कांस्यपदक त्यांच्या गळ्यांत पडलें, आणि स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलें. कुस्तींत मल्ल एकटाच लढतो हें खरें; पण वर्तुळाबाहेर त्याचा माणूस लागतो. नियम जाणणारा, घड्याळ पाहणारा आणि त्याच्यासाठीं बोलणारा असा माणूस देणें, हेंच महाविद्यालयीन संघाचें मुख्य काम होय.

कोल्हापूरची गोष्ट कोल्हापुरास शोभते, आमच्या अवर्षणाच्या मुलखांत काय होणार, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर शेजारच्याच तालुक्यांत आहे. आष्टीला लागून असलेल्या पाटोदा तालुक्यांतील राहुल आवारे यांनीं वडिलांपासून कुस्तीचे धडे घेतले, आणि पुढें पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार व काका पवार यांच्या हाताखालीं मेहनत केली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला जाण्याची त्यांची संधि हुकली. परंतु २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनीं ५७ किलो गटाचें सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत कांस्यपदक. हेलसिंकीस जें वजन खाशाबांचें, तेंच गोल्ड कोस्टला या बीडच्या मल्लाचें. दुष्काळी मुलखांतील किरकोळ अंगाच्या मुलास वजनगटांची कुस्ती हें केवढें उघडें दार आहे, हें यावरून दिसेल. हगाम्यांत शेवटची मानाची कुस्ती बहुधा धिप्पाडांची असते. गादीवर ५७ किलोच्या मुलाचे गुण संघास तितकेच उपयोगी पडतात.

मुलींसहि हें दार आतां मोकळें आहे. २००४ पासून ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या कुस्त्या होत आहेत आणि २०१६ सालीं साक्षी मलिक हिनें भारतासाठीं कांस्यपदक आणलें. घरांतील मुलीनें कुस्तीचें नांव काढलें तर हंसण्यावारी नेऊं नये.

आतां आमच्या भागाची खरी अडचण सांगावयास हवी. ज्या सुमारास महाविद्यालयांचे सामने रंगांत येतात, त्याच सुमारास, दिवाळीच्या मागेंपुढें, बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीचीं कुटुंबें साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि वसंत सरेपर्यंत घराला कुलूप. त्या घरचा मुलगा महाविद्यालयांत असला तर तो आजीपाशीं किंवा वसतिगृहांत मागें राहतो. त्याच्या खुराकाचें काय? अशा मुलानें पहिल्या सामन्यांत हार खाल्ली आणि गांवानें त्याला नांवें ठेविलीं, तर पुढल्या वर्षीं त्याच्या हातीं कोयता येण्यास कितीसा वेळ लागणार? पहिल्या आखाड्याचा निकाल आपण कसा वाचतों, यावर एका मुलाची तालीम आणि त्याचें शिक्षण हीं दोन्ही अवलंबून असतात.

दुसरी एक गोष्ट केवळ घरच्यांनींच पाहण्यासारखी आहे. हंगामाच्या तोंडाशीं मल्लाचें वजन वाढलेलें असतें, आणि सोईच्या गटांत बसण्यासाठीं तो अन्नपाणी तोडून घाम काढूं लागतो. हा प्रकार जिवावर बेततो. नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्यें, ऐन हंगामारंभीं, अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन मल्ल एवढ्याचसाठीं शरीरांतील पाणी आटवितां आटवितां मृत्यु पावले. त्यानंतर तेथें रबरी पोशाख आणि उष्ण वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली, आणि वजन करण्याची वेळ सामन्याच्या अगदी जवळ आणण्यांत आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें विनेश फोगट ही शंभर ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळें अंतिम कुस्तीस मुकली, हें वाचकांस स्मरत असेलच. मुलगा दोन दिवस पाणी पीत नाहीं, अंगावर जाड कपडे घालून धांवतो, असें दिसलें तर आईनें गप्प राहूं नये. त्यास वरच्या गटांत लढूं द्यावें. तेथें हरला तरी चालेल.

तर मग सामन्याहून परत आलेल्या मुलास विचारावें काय? ‘पदक मिळालें का?’ हा प्रश्न मागाहून येऊं द्यावा. आधीं विचारावें, कुस्ती किती वेळ चालली? पहिल्याच मिनिटांत संपली असेल तर सुरुवातीचा बचाव कच्चा. दुसऱ्या फेरींत हातचे गुण गेले असतील तर दम अपुरा. मग विचारावें, गुण कशावर गेले? पटावर गेले कीं पाठ फिरल्यानें? त्यावरून पुढल्या महिन्याची मेहनत ठरते. आणि शेवटीं विचारावें, तुझ्या बाजूला कोण बसलें होतें? या प्रश्नाचें उत्तर मात्र मुलाकडून ऐकून महाविद्यालयाच्या चालकांकडे न्यावें. संघ पाठविला पण जाणता शिक्षक पाठविला नाहीं, तर ती उणीव मुलांची नव्हे.

एक लहानशी सूचना करून हा लेख पुरा करितों. आपल्या गांवच्या महाविद्यालयांत कुस्तीसंघ असेल तर चार-पांच घरांनीं मिळून एका मल्लाच्या दुधाचा भार हंगामभर, म्हणजे सप्टेंबरपासून फाल्गुनापर्यंत, उचलावा. ज्याचे आईबाप फडावर आहेत असा मुलगा प्रथम निवडावा. सणावारीं त्यास पंक्तीस बोलवावें, संध्याकाळीं आपल्या मुलांबरोबर अभ्यासास बसवावें. संस्कृताचा किंवा गणिताचा एखादा तास घेणारे आजोबा प्रत्येक आळींत असतातच. प्राचार्य खर्डेकरांप्रमाणें घर गहाण टाकण्याची पाळी कोणावर येणार नाहीं. रोज शेर-दीड शेर दूध आणि हरून आल्यावर दोन समजुतीचे शब्द, एवढ्यानें पुष्कळ काम होईल. यंदाच्या पहिल्या सामन्यास अजून वेळ आहे, तोंवर महाविद्यालयांत जाऊन संघांत कोण कोण आहेत याची चौकशी करून ठेवावी.