धर्मोपदेशक आणि दुःखाचा प्रश्न

देव सर्वशक्तिमान आहे, तो दयाळूही आहे, आणि तरी जगात दुष्टावा व दुःख आहे. या तिन्हींचा मेळ कसा घालावा, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना पेच होय. संत ऑगस्टीनच्या मते दुष्टावा ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे, आणि माणूस आपल्या स्वतंत्र इच्छेचा दुरुपयोग करतो म्हणून तो जगात शिरतो. अभ्यासिकेत बसून या उत्तराचा विचार अवश्य करावा. परंतु धर्मोपदेशकाला हा पेच प्रेताशेजारी भेटतो. तेथे त्याने काय बोलावे?

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस. चर्चे भाविकांनी भरलेली होती. छपरे त्यांच्याच डोक्यावर कोसळली. मागोमाग समुद्र शहरात शिरला, आणि आग तर कित्येक दिवस विझली नाही. पुढील वर्षी मालाग्रिडा नावाच्या जेझुइट उपदेशकाने पत्रक छापून सांगितले, की या अनर्थाचे कारण लिस्बनकरांची पापे हेच. त्यास निसर्गाचा खेळ म्हणू नये. लोक उघड्यावर निवारा उभारण्याच्या धडपडीत होते, आणि हे गृहस्थ त्यांस प्रायश्चित्ताला बोलावीत होते! याच सुमारास सरकारने गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, माणसे किती दगावली, विहिरी-झऱ्यांच्या पाण्यात काय फरक पडला? कारणाचा शोध येथेही होताच. पण त्यात कोणा शोकाकुल आईवर आरोप येत नव्हता.

मालाग्रिडाचा पुढे १७६१ मध्ये इन्क्विझिशनकरवी क्रूर अंत झाला. त्यामागचे राजकारण येथे नको. आमचा आक्षेप एवढाच, की त्याने आपलेच शास्त्र नीट वाचले नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमातील इतरांहून अधिक पापी होती काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पश्चात्तापाची हाक तो तेथेही देतो, परंतु ती समोर उभ्या असलेल्यांना. मेलेल्यांचा न्याय करीत नाही. जन्मांध माणसास पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? तेथेही उत्तर नकाराचेच आहे. (शिष्यांना हसण्याचे कारण नाही. शेजारच्या घरी आपत्ती आली की ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणून आपणही मोकळे होतोच!)

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट उपदेशकाने जवळ बाळगावी. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तेवढे उत्तम केले. मग तोंड उघडून त्यांनी देवाची वकिली आरंभिली. ४२व्या अध्यायात देव रागावतो तो या वकिलांवर. गाऱ्हाणे करणाऱ्या ईयोबाचे बोलणेच तो योग्य ठरवतो.

म्हणजे उपदेशकाने नेहमी गप्पच बसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. गाऱ्हाण्याचे शब्द त्याच्या ग्रंथात आयतेच आहेत. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीचाच आहे, आणि क्रुसावरचा येशूचा आक्रोश २२व्या स्तोत्राच्या आरंभाचाच आहे. ही स्तोत्रे त्याने एरवीच्या साध्या रविवारीही वाचावीत, म्हणजे संकटाच्या दिवशी ती लोकांना परकी वाटणार नाहीत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. अखेरीस सांत्वनाची एक ओळही नाही. उपदेशकाने ते तसेच वाचून खाली बसावे, पदरची ओळ जोडू नये.