घरमालक व्हा, खोत होऊ नका!

गेल्या पंधरवड्यात रत्नागिरीतील आमच्या ऑफिसात एक निवृत्त गुरुजी आले. ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी घरावर मजला चढवला आणि दोन खोल्या भाड्याने दिल्या. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार केला, खाली नोटरीचा शिक्का मारून घेतला. मुदत संपून सात महिने झाले. भाडेकरू भाडे देत नाही आणि जातही नाही. गुरुजींनी विचारले, "वकीलसाहेब, लाइट तोडू काय?"

आम्ही म्हणालो, "गुरुजी, लाइट तोडलीत तर आरोपी तुम्हीच व्हाल!" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूचे पाणी-वीज बंद करणे हा गुन्हा आहे.

आपल्या समाजात घरमालकाची ही पहिलीच पिढी. आपले आजोबा-पणजोबा याच जिल्ह्यात खोतांची कुळे होती. जमीन कसायची आपण आणि हुकूम चालायचा खोताचा. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधानसभेवर गेला. पुढे 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला. खोताच्या शब्दाऐवजी कायद्याचा कागद, यासाठीच तो लढा होता. मग आज आपल्या हाती किल्ली आली असता आपण कागदाला का विसरतो?

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा मोठा गैरसमज आहे. कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे!

खर्च मोठा नाही. एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते; परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. नोंदणी फी शहरात 1 हजार, ग्रामीण भागात 500 रुपये. हे वाचवायला गेलेल्या गुरुजींचे सात महिन्यांचे भाडे बुडाले. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा करार नीट असेल तर मुदतीनंतर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. घरात मुंबईच्या भावांचा हिस्सा असेल तर त्यांची लेखी संमती घ्या. भाडे बँकेतून घ्या, रोख घेतले तर पावती द्या. पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. मीटरचे रीडिंग आणि खोलीतील सामानाची यादी करारासोबत जोडा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. मिरगाच्या आधी कौले, स्लॅब बघून घ्या. डागडुजी मालकाचीच जबाबदारी. आणि कर्ज काढणार असाल तर हिशेब बारा नव्हे, दहा महिन्यांच्या भाड्याचा करा. परीक्षा संपली की विद्यार्थी गावी जातात आणि खोली रिकामी राहते.

शेवटी एक सांगायचे आहे. वकिलीच्या सुरुवातीला आम्ही याच शहरात खोली शोधत फिरलो. खोली पसंत पडे, भाडे ठरे, मग प्रश्न येई, "आडनाव काय?" आणि दुसऱ्या दिवशी खोली "पाहुण्यांसाठी" लागे. 1917 साली बडोद्यात खुद्द बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे भोगलेल्या समाजाने आपल्या दारात आलेल्या नर्सला, मुसलमान खलाशाला, परप्रांतीय मजुराला काय विचारावे? ओळखपत्र विचारा, कामाचे ठिकाण विचारा. जात विचारू नका.

गुरुजींची नोटीस आम्ही पाठवली आहे. दुसऱ्या खोलीचा करार मात्र त्यांनी या वेळी नोंदवला. भाडेकरू कोण, हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही आडनाव विचारले नव्हते, असे ते म्हणाले.