गॅलरीत लॅमिनेट घालण्याआधी

बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यासारख्या तहसीलच्या गावातही आता स्लॅबची दुमजली घरं दिसतात आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी निघते. खोलीत लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट घालून झालं, की उरलेल्या पट्ट्या गॅलरीत घालाव्यात असं घरच्यांना वाटतं. त्याआधी ही पट्टी कशाची बनते आणि बालाघाटच्या हवेत तिचं काय होतं, ते पाहू.

पट्टीच्या आत काय असतं?

लॅमिनेटची पट्टी बहुधा ८ ते १२ मिलिमीटर जाडीची असते. सर्वांत वर मेलामाइनचा पारदर्शक, कडक थर असतो. त्याखाली लाकडाच्या रेषांचा छापील कागद, मग एचडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक तंतू डिंकासह प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला फळा, आणि तळाला तोल राखणारा आणखी एक थर. पट्टीची जवळजवळ सगळी जाडी या एचडीएफचीच असते.

वरचा थर पाणी आत घेत नाही. पाणी शिरतं ते सांध्यांतून आणि कापलेल्या कडांतून. दाबून बसवलेला तंतू ओला झाला की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही. म्हणून सांधे वर उचलले जातात, कडा तुटतात आणि खाचेत खाच अडकवून केलेली जोडणी सैल पडते. खाली साचलेल्या पाण्याला वाट नसल्याने बुरशी धरते. शिवाय सततच्या उन्हाने छापील कागदाचा रंग उडतो.

बालाघाट जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. झड लागली की दिवसच्या दिवस फरशी वाळत नाही. त्याआधी उन्हाळ्यातल्या नवतप्यात तीच फरशी पाय ठेववत नाही इतकी तापते. म्हणून छत असलं तरी उघड्या गॅलरीत लॅमिनेट घालू नये. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणाऱ्या एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या पट्ट्या पाण्याने फुगत नाहीत, पण थेट उन्हात त्या प्रसरण पावून उचलतात. त्याही आतल्या खोल्यांसाठीच असतात.

गॅलरी बंद असेल तर

खिडक्या लावून गॅलरी पूर्ण बंद केली असेल आणि पावसाचा थेंब आत येत नसेल, तर लॅमिनेट चालतं. आधी फरशीची ओल तपासा. प्लॅस्टिकचा मीटरभर कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव जमलं, तर काम थांबवा.

पट्ट्यांचे बॉक्स न उघडता त्याच जागेत ४८ तास आडवे ठेवा, म्हणजे पट्ट्या तिथल्या हवेला सरावतात. फरशीचे उंचवटे घासून, खळगे भरून सपाटी करून घ्या. मग जाड पॉलिथिन अंथरा. त्याचे जोड वीस सेंटिमीटर एकमेकांवर चढवा आणि टेपने बंद करा. त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम येतो.

पट्ट्या फरशीला चिकटवायच्या नसतात की खिळ्यांनी ठोकायच्या नसतात. त्या एकमेकींत अडकून मोकळ्या राहतात. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे त्या वाढतात-आकसतात, म्हणून भिंतीपासून चारही बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर जागा सोडा. शेजारच्या ओळींतले आडवे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, किमान ३० सेंटिमीटरचं अंतर ठेवा. स्कर्टिंग भिंतीलाच ठोका, पट्टीला नको. पुसताना कापड घट्ट पिळून घ्या.

गॅलरी उघडी असेल तर

इथे पहिलं काम ढाळाचं. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार नळीकडे हवा, म्हणजे चार फूट रुंदीला साधारण बारा मिलिमीटर. वॉटरप्रूफिंगचा लेप फरशीसोबत भिंतीवरही काही इंच चढवून घ्या. लेप वाळल्यावर नळीचं तोंड बंद करून पाणी तुंबवा आणि एक-दोन दिवस ठेवा. खालच्या छताला ओल आली नाही, तरच मिस्त्रीला पुढचं काम सांगा.

त्यावर खरखरीत, न घसरणारी टाइल हा सर्वांत टिकाऊ आणि सोपा पर्याय. लाकडाचा देखावाच हवा असेल, तर तशा नक्षीची बाहेर वापरायची टाइल मिळते. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या डेक-पट्ट्याही बाहेरच्या वापरासाठीच बनतात. त्या आडव्या पट्ट्यांच्या चौकटीवर फट ठेवून बसवतात, म्हणून पाणी खाली उतरून नळीकडे वाहतं. चौकट पक्की करताना वॉटरप्रूफिंगला भोक पडणार नाही, याकडे लक्ष ठेवा. खाली जाळी असलेल्या, फूटभर चौरस डेक-टाइल्सही चालतात. झाडझूड करायला त्या उचलता येतात.

यंदा गॅलरीचं काम काढणार असाल, तर ते मृगाच्या आधी संपवा आणि पैशाचा पहिला वाटा ढाळ आणि वॉटरप्रूफिंगला द्या. वरचा थर कधीही बदलता येतो. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी मात्र सळ्यांना गंज चढवतं, आणि ती दुरुस्ती सगळ्यांत महाग पडते.