तपासणी गुणाकाराच्या आधी

अर्जुनी मोरगावकडे धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि त्यांतली गाणी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातात. गाण्याची फाइल म्हणजे नुसता आवाज, तिने काय बिघडणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. डीकोडरसाठी, म्हणजे फाइल उलगडून आवाज काढणाऱ्या प्रोग्रामसाठी, फाइल म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेले आकडे, आणि लिहिणाऱ्याचा हेतू त्याला कळत नाही. २०१५च्या जुलैमध्ये अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ या ध्वनी-चित्र फाइली वाचणाऱ्या भागातल्या त्रुटी उघड झाल्या, त्यांचं मूळ इथेच होतं. त्यांपैकी काहींत एमपी४ फाइलीतल्या आकारांचा हिशेब ३२ बिटांत मावत नसे, उत्तर लहान येई, तेवढीच मेमरी घेतली जाई आणि उरलेली माहिती तिच्या हद्दीबाहेर लिहिली जाई.

दुसरा समज असा की ३२ बिट भरपूर झाले. फ्लॅक हा ध्वनी-फाइलींचा प्रकार घ्या. त्यात आवाजाचा प्रत्येक नमुना (त्या क्षणाचा आकडा) आणि त्याचा अंदाज यांतला फरक, म्हणजे अवशेष, लिहायला राइस संकेत वापरतात: आधी शून्यांची रांग, मग एक, मग ठरलेले काही बिट. ते बिट १४ असतील तर शून्यांच्या संख्येला १६,३८४ने गुणायचं. खऱ्या ध्वनिमुद्रणात रांग छोटी असते. पण कुणी मुद्दाम ३,००,००० शून्यं लिहिली, तर उत्तर ४,९१,५२,००,००० व्हायला हवं. चिन्हविरहित ३२ बिटांत उरतात ६२,०२,३२,७०४. हा आकडा ना ऋण, ना वेडावाकडा. म्हणूनच ‘उत्तर आल्यावर बघू’ ही पद्धत फसते. हिशेब चिन्हासहित असेल तर आणखी पंचाईत: सी भाषेत असा पूर्णांक जागेत न मावता ओसंडला तर काय व्हावं हे ठरलेलंच नाही. ओसंडणं घडत नाही असं गृहीत धरून कंपायलर ती मागाहूनची तपासणी काढूनही टाकू शकतो. तपासायची ती शून्यांची संख्या, आणि तीही गुणाकाराआधी: १४ बिटांसाठी मर्यादा २,६२,१४३.

एका चुकीच्या नमुन्याने फार तर खरखर ऐकू येईल, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तोच आकडा पुढे लांबी किंवा स्थान म्हणून वापरला की मेमरीची हद्द मोडते. ६४ बिट वापरावेत हे योग्यच, पण शेवटी नमुना ३२ बिटांच्या जागेत ठेवायचा असेल तर तपासणी तिथेही लागतेच. अशा मर्यादेने चांगल्या फाइली नाकारल्या जात नाहीत, कारण फ्लॅकच्या २०२४च्या प्रमाणकानुसार हा अवशेष चिन्हासहित ३२ बिटांत मावलाच पाहिजे. वेगाची काळजीही नको: फ्लॅकची लायब्ररी लिबफ्लॅक ही मर्यादा नमुन्यागणिक काढत नाही, नमुन्यांच्या गटासाठी एकदाच काढते.