जुना संगणक ठेवा, पण वेगळा बांधा



सांताक्रूझ हे नाव आपल्याला रेडिओवरच्या पावसाच्या बातम्यांमुळे ठाऊक आहे. 'कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके मिलिमीटर' हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. २६ जुलै २००५ ला याच सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आज मात्र तिथे पाहिलेल्या एका जुन्या संगणकाबद्दल सांगायचे आहे. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण आपली ग्रामपंचायत आणि विकास सोसायटी यांच्याशी तो थेट जोडलेला आहे.

माझ्या मामेभावाचा सांताक्रूझला, मिलन सबवेपासून जवळच, छपाईचा छोटा गाळा आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, संस्थांचे अहवाल अशी कामे तो करतो. शेतकरी मेळाव्याची पत्रके छापून घ्यायला मी गेलो, तर टेबलावर 'विंडोज एक्सपी'चा संगणक! कंपनीने त्याच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ लाच थांबवल्या. त्यावर चालणाऱ्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्तीही २००१ ची.

मी म्हटले, "दादा, हे अजून चालतंय?"

"चालतंय म्हणजे? वीस वर्षांची कामं याच्यातच आहेत. बिलं आणि मेल त्या नव्यावर करतो. पण जुन्या गिऱ्हाईकाची पत्रिका उघडायची तर हाच लागतो. आणि याला नेटची वायर मी लावतच नाही."

या शेवटच्या वाक्यात आपल्यासाठी धडा आहे.

जुना का ठेवतात?

जुना संगणक ठेवणारा माणूस अडाणी किंवा चिक्कू असतो, असे समजू नका. त्याची कारणे आपल्या गावातही तीच आहेत.

१) जुनी मराठी अक्षरे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फाँटची अंतर्गत मांडणी वेगळी होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठीऐवजी गिचमिड दिसते. युनिकोड आल्यावर नव्या मजकुराची अडचण मिटली. जुना मजकूर बदलून घेता येतो, पण रफार आणि जोडाक्षरे इकडची तिकडे होतात. नमुना ८ च्या यादीत एका आडनावाचे अक्षर चुकले तर पुढे किती हेलपाटे पडतात, हे सचिवांना सांगायला नको.

२) जोडलेली यंत्रे. कार्बन लावून पावत्या काढणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून खणखणीत असतो. पण त्याची रुंद पिन नव्या संगणकाला बसतच नाही.

३) हिशेबाचा प्रोग्राम. कितीतरी संस्थांत तो कोणा स्थानिक माणसाने त्या काळी करून दिलेला असतो. करणारा गाव सोडून गेला, प्रोग्राम मात्र राहिला. नव्या संगणकावर तो उघडेलच याची खात्री कोणी देत नाही.

४) पैसा. 'विंडोज १०' चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढच्या 'विंडोज ११' ला सुरक्षेची ठरावीक चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र ठणठणीत असूनही नवी प्रणाली त्याला अधिकृतपणे घेत नाही. चालू ट्रॅक्टर भंगारात घाला म्हटल्यावर कोण तयार होईल?

५) हाताची सवय. मार्चअखेरच्या धांदलीत नवे शिकायला सवड कोणाला?

मग धोका कुठे आहे?

लाळ्या-खुरकताची लस आपण जनावरांना वर्षातून दोनदा टोचून घेतो. समजा, एखाद्या जनावरासाठी लसच मिळेनाशी झाली. जनावर आजारी नाही, दूध देते, औत ओढते. पण त्याला बाजारात नेले किंवा सामाईक हौदावर पाणी पाजले, तर रोग कधी चिकटेल सांगता येत नाही. जुन्या संगणकाचे तसेच आहे. कंपनीची दुरुस्ती ही त्याची लस. इंटरनेट हा जनावरांचा बाजार, आणि गावभर फिरणारा पेनड्राईव्ह हा सामाईक हौद.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांची कामे अडली. या दोषावरची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. म्हणजे संगणक नवा असूनही लस टोचली नाही, तर उपयोग नाही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका हल्ल्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. आपली द्राक्षे आणि कांदा याच बंदरातून परदेशी जातात.

दुसरा धोका साधाच आहे: यंत्र एक दिवस बंद पडते. २००५ च्या त्या पावसात दादाच्या गाळ्यात कमरेइतके पाणी भरले. तेव्हाचा संगणक गेला. वरच्या मजल्यावरच्या घरात ठेवलेल्या सीडींमुळे निम्मी कामे वाचली, निम्मी कायमची गेली. आमच्या भागातल्या एका सोसायटीत तर पूरही आला नव्हता. हार्ड डिस्क बसली आणि सभासदांची जुनी कर्जखाती त्यातच अडकली. एका शेतकऱ्याला बँकेसाठी बेबाकी दाखला हवा होता. कर्ज फिटलेले, पण दाखवायला नोंद नाही. जुनी रजिस्टरे शोधून दाखला हातात पडेपर्यंत पेरणी उलटून गेली.

सातबाऱ्याची नोंद आता शासनाच्या सर्व्हरवर असते. गावचा संगणक बिघडला तरी ती बुडत नाही. पण पंचायतीच्या जुन्या याद्या आणि सोसायटीची जुनी खाती बऱ्याच ठिकाणी त्या एका डब्यातच आहेत. केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिच्यात हिशेब सामाईक प्रणालीवर नेले जातात. मात्र जुनी माहिती हाती असेल तरच ती पुढे नेता येईल.

काय करावे?

१) जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर काढा. तो फक्त जुन्या नोंदी पाहणे आणि छपाई एवढ्यासाठी ठेवा.

२) बँकेचे व्यवहार आणि डिजिटल सही त्यावर कधीही करू नका. वित्त आयोगाच्या निधीचे पैसे सरपंच व सचिवांच्या डिजिटल सहीनेच निघतात. ते काम दुरुस्त्या चालू असलेल्या संगणकावरच व्हावे.

३) त्याच्यासाठी एक पेनड्राईव्ह वेगळा ठेवा आणि नव्या संगणकावर तपासूनच वापरा. कोणाच्या फोटोंचा, गाण्यांचा पेनड्राईव्ह लावू देऊ नका.

४) दर महिन्याला दोन प्रती काढा. एक कार्यालयात, दुसरी दुसऱ्या इमारतीत, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. प्रत उघडते का, हेही पाहा. न उगवणारे बियाणे जपून काय उपयोग?

५) जुन्या फाँटमधल्या याद्यांची पीडीएफ करून ठेवा. फाँट तिच्यात सामावून घेतला की ती कुठेही नीट दिसते. नंतर सवडीने एकेक यादी युनिकोडमध्ये आणा आणि मूळ रजिस्टरशी ताडून पाहा.

६) संगणक धडधाकट असेल तर त्यावर मोफत लिनक्स टाकता येते. सी-डॅकचे 'बॉस' त्यातलेच. मात्र आधी सर्व माहितीची प्रत काढा आणि आपला प्रिंटर व अंगठ्याचे यंत्र त्यावर चालते का, ते तपासा.

मंडळी, म्हातारा बैल आपण लगेच विकत नाही. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर पेरणीही धरत नाही. येत्या मासिक सभेत एवढाच प्रश्न विचारा: आपला संगणक आज रात्री बंद पडला, तर उद्या सकाळी गावाच्या हातात काय उरेल? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर त्याच सभेत प्रत काढण्याचा ठराव घ्या. त्याला एका पेनड्राईव्हचा खर्च आहे आणि एका दुपारचे काम.