कल्ला वाकडा, दुखणे पाण्याचे

परवा ओपीडी संपत आली असताना आमच्या वॉर्डातला एक कर्मचारी मोबाइल घेऊन समोर उभा राहिला. ‘मॅडम, पेशंट माणूस नाही, पण बघा जरा.’ फोटोत त्याच्या मुलाने पाळलेला रेडटेल कॅटफिश होता. पांढरे पोट, लाल शेपूट, लांब मिश्या. एका बाजूच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वहीचे पान दुमडावे तशी बाहेर वळली होती आणि आतले लाल कल्ले उघडे पडले होते. दुकानदाराने टाकीत अँटिबायोटिक टाकायला सांगितले होते. कड कापून देण्याचीही त्याची तयारी होती. ‘कापून घेऊ का?’ हा प्रश्न होता.

मी माशांची डॉक्टर नाही. पण दम लागलेल्या कोणत्याही रुग्णाला विचारते तेच विचारले. जागा किती? खाणे काय? हवा-पाणी कसे? टाकी तीन फुटांची, मासा दीड फुटाचा, खाणे जुन्या डब्यातले दाणे, पाणी महिन्यातून एकदा बदललेले. निदान निम्मे तिथेच झाले.

कल्ल्याचे झाकण नुसते दार नव्हे, तो पंपाचा भाग आहे. तोंड आणि झाकण यांच्या उघडझापीने पाणी कल्ल्यांवरून सतत वाहते. एक लिटर हवेत जेवढा ऑक्सिजन असतो, त्याच्या तिसाव्या भागाइतकाही एक लिटर पाण्यात नसतो. त्यामुळे झाकण नीट मिटेनासे झाले की माशाला प्रत्येक श्वासासाठी जास्त कष्ट पडतात. उघडे पडलेले नाजूक कल्ले जंतूंना आणि परजीवींनाही सोपे सापडतात.

कड का वळते? काही माशांत दोष जन्मजात असतो, काहींत इजा झालेली असते. पण घरच्या टाकीत आधी संशय घ्यावा तो पाण्यावर. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतात. फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. लहान टाकीत मोठा मासा असेल तर हे जिवाणू पुरे पडत नाहीत. साचलेला अमोनिया कल्ल्यांना जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करते आणि रक्त चॉकलेटी दिसू लागते. माणसातही असे रक्त आम्ही पाहतो. नायट्रेटयुक्त विहिरीचे पाणी दुधात मिसळून दिलेली तान्ही बाळे त्यामुळेच निळी पडतात.

दुसरा संशय आहारावर. माणसाप्रमाणेच बहुतेक माशांनाही ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते नसेल तर कोलॅजन कच्चे राहते. आपल्याला स्कर्व्ही होतो. कॅटफिशचा कणा वाकतो, कल्ल्यांची कूर्चा वेडीवाकडी होते. उघडून ठेवलेल्या जुन्या दाण्यांतले हे जीवनसत्त्व हळूहळू नष्ट होते.

म्हणून त्याला सांगितले, कात्री नको आणि औषधही नको. अँटिबायोटिकने फिल्टरमधले जिवाणूच मेले तर अमोनिया आणखी वाढेल. आधी किट आणून पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला, नवे पाणी क्लोरीन काढलेले असू द्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. दाणे ताजे आणा, सोबत कोळंबीचे तुकडे द्या. मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. झाकणाची मऊ कड भूल देऊन कापतात आणि ती पुन्हा वाढते. पण पाणी तेच राहिले तर तीही वाकडीच वाढण्याची भीती असते. हाडच वाकले असेल तर कापून उपयोग नाही.

महिन्याभराने तो दुसरा फोटो घेऊन आला. मऊ कड बरीचशी सरळ झाली होती. हाडाजवळची घडी मात्र तशीच होती, आणि ती बहुधा राहीलही.

खरा अवघड प्रश्न त्यानंतरचा होता. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा मीटरभराहून मोठा होतो. दुकानात तो तीन इंचांचा मिळतो आणि हे कोणी सांगत नाही. ‘मग नदीत सोडू का?’ त्याने विचारले. मी ठाम नाही म्हटले. टाकीतून सुटलेल्या परदेशी ‘सकर’ कॅटफिशने आपल्या देशातल्या अनेक जलाशयांत ठाण मांडले आहे. मोठे तळे किंवा मोठी टाकी असणारा कोणी शोधा, तोवर पाणी सांभाळा, एवढेच सांगता आले. मुलाला ते पटायला वेळ लागला. आता तो दर तिसऱ्या दिवशी स्वतः बादल्या उचलतो आणि माशासाठी मोठे घर शोधतो आहे.